टोक

मगदूम सरांच्या पुस्तकात दोनशे चौदा बाण आहेत.
मी मोजले नव्हते. तेच मोजून आले,
प्रत्येकाशेजारी लाल पेनची बारीक फुली:
"बल आधारापाशी थांबायला हवं, ताई,
तुमचं आत घुसतंय."

खरं होतं. आठपट मोठं करून बघितलं,
प्रत्येक टोक केसभर पुढं गेलेलं,
आणि जाड रेघेचा चौकोनी बुंधा
टोकाच्या दोन्ही खांद्यांवरून डोकावत होता,
गणवेशाच्या गळ्यातून दिसणाऱ्या बनियनसारखा.

लक्ष्मीपुरीत शिरगुप्प्यांच्या छापखान्यात वरच्या मजल्यावर
पंखा नुसता गरम हवा ढवळत होता तेव्हा
मी माझं स्वतःचं टोक लिहायला बसले.
पॅकेजात तयार टोकं डझनावारी मिळतात,
काटेरी, गोल, पतंगासारखी,
सरांना मात्र हवं होतं त्यांच्या विद्यार्थीदशेतलं,
लांब, कंबरेत किंचित आत गेलेलं.

आधी नाव. बिननावाचं टोक पॅकेजला दिसत नाही.
मी टाइप केलं: उद्यमनगर.
मग सांगायचं, पुढचं टोक कुठं, मागची बाजू कुठं,
रेघेनं कुठं थांबायचं.
मग वाट: शून्यापासून मागं, मागं म्हणजे उणे,
खाली, खांद्याशी वळण, पुन्हा वर, बंद,
आता भर.
टोक एकदाच काढायचं, पूर्वेकडं तोंड करून.
खाली ओढणारं वजन, दोरीतला तिरका ताण,
वर रेटणारी जमीन,
सगळ्यांना हेच.
वळवून बसवणं पॅकेजचं काम.

एवढ्यात आप्पा डबा घेऊन आले, सायकलचा घाम पुसत.
उद्यमनगरात एकतीस वर्षं
त्यांनी लेथच्या टूलांना धार लावली.
"काय करालीस?"
"टोक."
त्यांनी चष्मा वर केला,
अंगठ्याचं नख स्क्रीनला लावलं, गेज लावावा तसं.
"तीस अंश हाय. पस्तीस कर. मोडंल."
"कागदावरचं आहे आप्पा."
"कागदावर बी मोडतंय. शाई पसरली की झालं बोथट."

मी पस्तीस केलं.
पण कोन अरुंद, तशी कडेची शाई शून्याच्या पुढं पळते.
किती, त्याला हिशेब आहे:
रेघेची अर्धी जाडी भागिले अर्ध्या कोनाचा साइन.
तेवढं सगळं मागं ओढलं.

मग भर काढून त्यांना नुसता सांगाडा दाखवला.
पोकळ टोक, आणि आत
सव्वादोन पॉइंट अलीकडंच थांबलेली रेघ.
"ही अर्ध्यात का तोडलीस?"
"मुद्दाम. पुढची जागा टोकाची."

आप्पा स्टूलावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत.
"आटे पाडताना," म्हणाले, "शेवटाला गळा ठेवावा लागतो,
टूलाला भाईर पडायला.
पयल्या वर्षी मी ठेवला नव्हता.
टूल खांद्यावर जाऊन आदळलं.
हिंदुराव मेस्त्री दोन दिवस माझ्यासंगं बोलला नाही.
जेवायला बसला तर पाठ करून."
हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.
मी ठेचा संपवला. त्यांनी आणखी वाढला.

चाळीस सेकंदांत दोनशे चौदा बाण बदलले.
सर संध्याकाळी आले, भिंग लावून सात पानं बघितली,
बाणांबद्दल अवाक्षर नाही.
बाराव्या पानावरच्या स्वल्पविरामावर बोलले
वीस मिनिटं.

पुस्तक निघेल. ते नाव कुठंच छापलं जाणार नाही,
ते कोडात आहे, चौथ्या ओळीत.

रात्री आईनं डबा घासायला घेतला.
आत भाकरीचे कण,
चमचा,
आणि घडी घातलेला चाचणीचा रद्दी कागद,
त्यावर पूर्वेकडं बघणारे नऊ बाण,
एक तेलानं आरपार दिसायला लागलेला.
"हे कशाला ठेवलंसा?" तिनं विचारलं.
आप्पा म्हणाले, "असू दे. वल्ला करू नको."