ठिपका कुठे बसवावा

रबाळ्याच्या एमआयडीसीत, पावडर कोटिंगच्या गाळ्यावर,
पत्र्याखाली दहा मीटरची रेंज.
खालच्या भट्टीचा वास जिन्याने वर येतो
आणि कागदी लक्ष्यांना चिकटतो.
इनास परेरा टेबलावर फडकं अंथरतो.
फडक्यावर एअर रायफल, तिच्याशेजारी
काडेपेटीएवढा रेड डॉट, दोन स्क्रू, एक किल्ली.
"कुठे बसवू, नाखवा?"

मला वाटलं होतं ह्याची एकच जागा असेल,
देव्हाऱ्यात देवाची असते तशी.
इनास म्हणतो, दुर्बिणीला डोळा ठरल्या अंतरावरच लागतो,
ह्याला तसं नाही.
नाकाशी बसवा, हातभर पुढे बसवा,
दिसायचा तो दिसणारच.
फक्त नळीवर नको.
ही मोडून छर्रा भरायची रायफल,
नळी दर वेळी खाली वाकते, परत येते,
आणि परत आलेलं काहीही
बरोबर त्याच जागी येतं असं नाही.

मोतीबिंदू काढल्यापासून उजव्या डोळ्यापुढे
मागची खाच, पुढचा दाणा आणि लक्ष्य
तिघं एकदम जमत नाहीत.
आमच्या चुलत्यांसारखी. एकाला बोलावलं की दुसरा रुसतो.

आधी पार मागे लावला.
काच खिडकीएवढी, पण तिची कड धुरकटून
अर्धी भिंत गिळून बसली.
मग पुढे, रुळाच्या टोकाला.
काच रुपयाएवढी, भोवतालचं सगळं मोकळं:
पंखा, तिसऱ्या लेनमधला मुलगा, त्याचा मोजा.
पण रायफलीचं तोंड जड झालं,
चौथ्या छर्र्याला डावा हात हलला.

"ठिपक्याकडे बघू नका, आजोबा,"
प्रणोती मागून सांगते, भाचीची मुलगी,
इथे तिचा शब्द चालतो.
"लक्ष्याकडे बघा. तो आपोआप येतो."
आला.
गोल नाही, स्वल्पविरामासारखा, खाली शेपूट.
इनास उजेड दोन घरं उतरवतो. शेपूट आखडते.
ठिपका समोरच्या कागदावर नाहीच, तो म्हणतो,
काचेत आहे. कागदाला त्याचा पत्ताही नसतो.

हे मला कुणी सांगायला नको.

सर्वेत मी खलाशी होतो.
होडीवरचा नव्हे, पट्टी धरणारा.
साहेब तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून,
मी शंभर पावलांवर पट्टी उभी धरून.
डावीकडे, साहेबाचा हात सांगायचा.
अजून. अजून.
घणसोलीच्या मिठागरात त्या दिवशी
डावीकडे सरकता सरकता
मी बाबाच्या वाफ्यात उभा.
घोट्याएवढं खारं पाणी. बाबा बांधावर.
"सरल उबा रे," तो म्हणाला, "काम हाय तुजा."
साहेबाने हात खाली टाकला.
तिथे खुंटी ठोकली,
तिच्या डोक्याला लाल रंग लावला. मीच लावला.

जेवणाच्या सुट्टीत साहेबाने एकदा बघू दिलं.
त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं:
बांध वर, आभाळ खाली,
आणि बाबा डोक्यावर उभा राहून
मीठ ओढत होता.

"ठरलं, नाखवा?"

मधे, मी म्हणालो. मधल्यापेक्षा दोन खाचा मागे.
तिथे मान आपली वाकते, वाकवावी लागत नाही.
इनासने मागे अडसराची पिन बसवली,
स्प्रिंगच्या धक्क्याने हे हळूहळू मागे चालू लागतं म्हणे.
पहिला छर्रा दोन बोटं खाली गेला.
काच वर, नळी खाली,
मधली उंची कुणीतरी भरायचीच असते.
सहा टिचक्या वर. मग नवाच्या रेघेवर.

शेवटी इनासने नेलपॉलिश मागितली.
स्क्रूवरून पट्टीवर एक बारीक रेघ,
सरकला तर रेघ तुटेल, कळेल.
त्याच्या खणात लाल होती, अर्धी सुकलेली.
लाल नको, म्हटलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, विचारलं नाही.
प्रणोतीच्या पिशवीत जांभळी निघाली.