पाणसळ

चौथ्या दिवशी ब्लाझेनाबाई जिना चढून वर आल्या,
हातात टोप, टोपात तीन बोटं पाणी.
"हे तुमचं," म्हणाल्या,
"माझ्या शिवणयंत्रावर पडत होतं."

मी टोप घेतला. दुसरं काय करणार?
नातवाच्या हट्टाची नवी काचेची टाकी,
मासा एकही नाही अजून,
आणि काठावर टांगलेला फिल्टर
मागच्या कडेनं गुपचूप ओसंडतोय,
भिंतीचा कागद फुगवत
खालच्या मजल्याकडे.

सव्वीस वर्षं मी कार्विनाच्या पोटात होतो.
पाणी कसं चोरपावलांनी येतं
हे मला कुणी शिकवू नये.
स्पंज काढला. बुळबुळीत, तपकिरी, चोंदलेला.
नळाचं कढत पाणी सोडून पिळला, पुन्हा पिळला,
पाळी संपल्यावर आम्ही एकमेकांच्या पाठी घासायचो
तसा घासून पांढरा केला.
गळती थांबली.
दोन दिवसांनी पुन्हा टोप.
पुन्हा स्पंज, पुन्हा नळ.

संध्याकाळी परीक्षानळी.
थेंब मोजायचे, हलवायचं, खिडकीशी धरायचं.
अमोनिया हिरवा.
पुढच्या रविवारीही हिरवा.
नायट्राइट निळंशार, म्हणजे शून्य,
म्हणजे हे विष खाणारं कुणी जन्मलंच नाही अजून.
महिना होत आला,
रिकाम्या पाण्याला मी चिमूट चिमूट दाणे टाकतोय
आणि पाणी नुसतं कुजतंय.

"आजोबा, मासे?" ओन्द्रा फोनवर विचारतो.
"हवा बघतोय," मी म्हणतो.
खालीही हेच म्हणायचो.
दिव्याची ज्योत बारीक करायची,
तिच्या डोक्यावर निळी टोपी चढते का पाहायचं,
चढली की पावलं मागे.
न दिसणाऱ्या वायूचा रंग ओळखणं,
एवढंच मला या जगात नीट येतं.

पाचव्यांदा आल्या तेव्हा बाई दारात थांबल्या नाहीत.
पांढरा स्पंज हातात घेऊन म्हणाल्या,
"धुतला कुणी?"
"मी."
"नळाखाली?"
"कढत पाण्यानं."
खुर्चीवर बसल्या. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.
"दर वेळी पेरता आणि दर वेळी उपटता.
राडोवाननं चाळीस वर्षं मासे पाळले, 
स्पंज टाकीच्याच पाण्यात एकदा दाबायचा, बस."
खाली गेल्या, काकडीच्या बरणीत
काळाकुट्ट चिखल घेऊन आल्या.
नवऱ्याच्या शेवटच्या माशाच्या टाकीतला.
तो मासा आहे अजून, म्हणाल्या,
तळाशी मिशा हलवत बसतो,
मला ओळखत नाही.

आम्ही तो चिखल माझ्या पाण्यात पिळला.
माझ्या घरात इतकी मौल्यवान घाण
आजवर कुणी आणली नव्हती.

"पण गळतंय ते वेगळंच," बाई म्हणाल्या.
"कुठंतरी पाणी मुरतंय."
मी पाणसळ काढली, टाकीवर ठेवली.
बुडबुडा सरकला खिडकीकडे,
म्हणजे टाकी कललेली भिंतीकडे.
मग जमिनीवर ठेवली. तीच दिशा.
मग उंबऱ्यावर.

बराच वेळ मी काही बोललो नाही.
आमच्या गल्लीखाली सातशे मीटरवर
जो थर होता, तो आम्हीच काढला, त्र्याऐंशी साली.
टनामागे बक्षीस होतं.
त्या पैशांतून या खोलीचे पडदे आले.
आता वरचं सगळं सावकाश खाली बसतंय,
म्हातारा माणूस खुर्चीत बसतो तसं,
आधी हात टेकून.

अर्धी टाकी उपसली.
मागच्या दोन पायांखाली
दहा क्राउनची तीन-तीन नाणी.
साठ क्राउन. एवढ्यात मिटलं,
निदान या टेबलापुरतं.

अकराव्या दिवशी नळी जांभळी झाली.
नायट्राइट. तेही विषच,
पण कुणीतरी खातंय, कुणीतरी श्वास घेतंय
त्या काळ्या स्पंजात.
ओन्द्राला कळवलं नाही अजून.
बाईंचा टोप माझ्याकडेच आहे,
त्या मागत नाहीत, मी देत नाही.

रोज सकाळी पाणसळ ठेवतो.
आज बुडबुडा मधोमध होता,
किंचित थरथरत.