बंद करायचं कुणी

जुलै म्हणजे आमच्याकडे कडाक्याची थंडी.
पहाटे रुळांवर दंव,
आणि डेपोच्या पत्र्याखाली
सत्तेचाळीस नंबरची गाडी धुगधुगत उभी.
लाल रंगावरून ॲडलेडची माणसं तिला कोंबडी म्हणायची.
चाळीस वर्षं तिनं आउटर हार्बरपर्यंत
गोदीवाले, नर्सा, शाळेची पोरं
पंखाखाली घेऊन नेली.

आता सात उरल्या होत्या. मग पाच.
एकीचा पंप काढून दुसरीला,
दुसरीचं ब्रेकचं नळकांडं तिसरीला.
वहीत मी लिहायचो: दिलं, घेतलं.
देणारीचा नंबर
पुढच्या पानावर कधी आला नाही.

विल्निस म्हणाला, "हिला आता विझवायची नाही.
विझली तर पेटणार नाही."
स्टार्टरचे दात झिजलेले, नवे मिळत नव्हते,
बनवणाऱ्या कारखान्यात आता सोफे विकतात.
शेवटची फेरी अकरा दिवसांवर.
म्हणजे अकरा रात्री कुणीतरी जागायचं.

जागणं तसं सोपं. पाणी बघायचं, तेल बघायचं,
खाली ठेवलेला बिस्किटांचा डबा
थेंबाथेंबानं भरला की गाळून परत वर ओतायचा.
बाकी वेळ ऐकायचं.
विल्निस युद्धानंतर रीगाकडून आलेला, बोटीनं,
पहिली दोन वर्षं करारावर रुळांचे खिळे ठोकत होता.
इंग्रजीच्या आधी त्याला इंजिन समजू लागलं.
"तिसऱ्या सिलेंडरला खोकला झालाय," म्हणायचा,
आणि स्वतःचा मफलरमध्ये दाबायचा.

स्टामातिया रात्री झाडायला यायची.
सीटांच्या फटींतून निघालेलं खिडकीत मांडून ठेवायची:
हेअरपिना, अर्धं तिकीट, कुणाचा दुधाचा दात,
आणि एक कानातलं.
"माझंच," म्हणाली, "एकोणसत्तर साली पडलेलं."
खरं की खोटं, कोण विचारतंय.
तिनं ते तिथंच घातलं.
दुसरा कान तसाच.

सातव्या रात्री घरघर बदलली.
चहा तसाच ठेवून आम्ही तिघं उठलो,
आजाऱ्याच्या खोलीबाहेर उठतात तसे,
आत जायचं कुणी हे न ठरवता.
मग लागली. आपली आपणच लागली.
विल्निस लाटवियनमध्ये काहीतरी बोलला,
शिवी असावी. फार हळू दिली.

शेवटच्या दिवशी फलाटावर कॅमेरे,
खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन आलेली सभ्य माणसं.
'थुंकू नये'ची पाटी वुडव्हिलच्या आतच गेली,
दिव्याच्या काचा, सीटांचे नंबर,
संडासाची कडीसुद्धा.
एक पोरगा मात्र सगळा वेळ
खिडकी वर करत होता, खाली करत होता.

संध्याकाळी डेपोत साहेबांनी केक कापला.
भाषणात ती मध्येमध्ये बोलत राहिली
म्हणून साहेब हसून म्हणाले,
बंद करा आता तिला कुणीतरी.

ड्रायव्हर मर्व्ह टिलब्रुक बुटांकडे बघत राहिला.
विल्निसनं फडक्याला हात पुसले. पुन्हा पुसले.
मी वही उघडली. असा रकानाच नव्हता.

शेवटी बादली खाली ठेवून स्टामातिया चढली.
तिला कुणी कधी दाखवलं नव्हतं
तरी कुठली दांडी, ते तिला नेमकं माहीत होतं.

अंगातून काहीतरी निघून गेल्यावर पत्रा कसा
टक् टक् आखडत जातो, तसा आवाज थोडा वेळ.
नंतर फक्त डबा:
टप्.
बऱ्याच वेळानं, टप्.

केक संपला, लोक गेले.
विल्निसनं वाकून डबा उचलला, सवयीनं गाळला,
टोपण उघडायला हात वर नेला,
आणि तसाच खाली आणला.

बसनं घरी गेला तो. मी शेजारी होतो.
डबा मांडीवर, दोन्ही हातांत,
आणि सांडू नये म्हणून
प्रत्येक वळणाला
थोडा उलट्या बाजूला कलत.