काटा

रेडीच्या खाणीवर बाबा काट्यावर होते.
ट्रक भरलेला येई, नंतर रिकामा येई,
भरलेल्यातून रिकामा वजा:
राहील तो माल.
बावीस वर्षं वजाबाकी.
त्यांचे बनियन कधीच पांढरे झाले नाहीत.

मीही तेच करते.
माझा ट्रक फक्त बारा कोटी वर्षांपूर्वी निघालाय,
एका दीर्घिकेच्या पोटातून.
दुर्बीण क्ष-किरण मोजते, सुटे, एकेक.
मग शेजारचं रिकामं आकाश मोजते.
वजा केलं की उरतो एक आलेख
आणि त्यात, सहा पूर्णांक चारवर, लोखंड.

म्हणजे असायला हवं होतं तिथे.
बारीक, ताठ, माडाच्या हिरासारखं.
पण ही रेघ निळ्या अंगाला कड्यासारखी तुटलीय
आणि तांबड्या अंगाला ओघळत गेलीय लांबवर,
धुताना डाग पसरावा तशी.
चढ चढून बाहेर येता येता
दमलाय लोखंडाचा उजेड.

"तां फिरता, ह्यां तुका कसां कळलां?"
बाबा कृष्णविवर म्हणत नाहीत.
'तां' म्हणतात, शेजारघरच्या पोरासारखं.

मी तेरेखोलच्या तोंडावरचा भोवरा काढते.
ओहोटीला इनास त्यात सोडण टाकायचा.
भोवरा मंद असला तर लांबूनच गिळतो, म्हणायचा,
जोरात असला तर पार काठाशी फिरवत ठेवतो.
खरं-खोटं इनासला ठाऊक.
पण वर मात्र तसंच आहे:
लोखंड किती आतपर्यंत तगलंय ते रेघ सांगते,
त्यावरून फिरण्याचा वेग.

बाबा गप्प.
माडांच्या फटीतून जेटीचा कन्व्हेयर दिसतो,
बंद, थोडा थोडा वाऱ्यावर जाणारा.
मग ते विचारतात
जे त्यांना प्रत्येक ड्रायव्हर विचारायचा:
"काटो कितक्यान चुकता?"

शून्य पूर्णांक नऊ, मी सांगते,
अधिक-उणे शून्य पूर्णांक शून्य चार.
"मगे बरो आसा," म्हणून ते पेजेची वाटी ओढतात.

मी सांगत नाही
की याच आलेखावर दुसरंही एक गणित बसतं,
जवळजवळ इतकंच चोख:
वाटेत नुसते वायूचे ढग, अर्धवट झाकणारे,
आणि फिरण्याबद्दल अवाक्षर नाही.

त्यांच्या काट्यावरही एकदा एक ट्रक आला होता.
वर माल, खाली माती.
वजन बरोबर होतं.