किती वर्षांचा होता

फॉर्मवर एकोणीस रकाने.
अठरा मी बसल्याबसल्या भरले.
नाव : इंगा लेहटिनेन.
गाव : लेक सुपीरियरच्या काठचं,
लोखंडाची खाण मिटली तेव्हा निम्मं उठून गेलेलं.
वडिलांचा व्यवसाय :
इथे पेन जरा अडलं, मग लिहिलं, खाणकामगार, होते.
आणि एकोणिसावा, मेजर,
राहिला तसाच,
पडलेल्या दाताच्या जागेसारखा.
जीभ सारखी तिथेच.

आजोबा फोनवर खोकत हसले :
"मेजर? अगं, वीस वर्षं फौजेत काढली मी,
मलाही सार्जंटच्या पुढे जाता आलं नाही."

इथे सगळे आडनाव सांगावं तसा विषय सांगतात.
डिलेनी, नर्सिंग.
क्विन्सी, सिव्हिल.
मी म्हणायचे, अजून ठरवतेय,
आणि समोरचा मान हलवायचा
आजारी माणसासमोर हलवतात तशी.

पहिलं सत्र म्हणजे परक्या लग्नातली पंगत,
सगळंच थोडं थोडं वाढून घेतलेलं.
अर्थशास्त्रात मागणी आणि पुरवठा
एका बिंदूत भेटले, मी कुठेच नाही.
मातीकामात केलेला वाडगा गळका निघाला,
त्यात आता मी किल्ल्या ठेवते.
स्पॅनिशमध्ये भूतकाळापर्यंत पोचले,
भविष्यकाळ पुढच्या सत्रात होता.

सल्लागार ब्रँडवोल्ड, टेबलाच्या खणात टॉफ्या,
त्यांनी काय आवडतं असं विचारलं नाही.
विचारलं, कशाचा कंटाळा येत नाही?
मी खिडकीबाहेर बघितलं.
बर्फ काढणारी गाडी
तोच रस्ता दुसऱ्यांदा साफ करत होती.

नोकरी मिळाली ती पैशांसाठी.
मत्स्यविभागाचं तळघर, काचेची भांडी धुणं,
हातांना आठवडाभर फॉर्मॅलिनचा वास.
फेब्रुवारीत मोजणारा मुलगा तापाने पडला,
तेव्हा प्रुइट बाईंनी गमबूट न काढताच
मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं :
"वलयं मोज. चुकलीस तर पुन्हा मोज."

ट्राउट माशाच्या कानातला खडा,
मसुरीच्या दाण्याएवढा, कापून पातळ केलेला.
एक काळी रेघ, एक उजळ,
एक हिवाळा, एक उन्हाळा.
अकरा. बारा. पुन्हा पहिल्यापासून.
एकतीस.
माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा मासा.

मधे एक वलय इतकं बारीक
की श्वासाने पुसलं जाईल.
वाईट वर्ष, बाई म्हणाल्या, खायला मिळालं नसेल.
मला आमच्या घरचं ते वर्ष आठवलं,
आई दुधात पाणी घालायची आणि आम्हाला कळायचं.
पण माशाची उपासमार माशाची,
ती मी स्वतःला चिकटवून घेतली नाही.
दुसरी काच सरकवली.
मग तिसरी.
मान वर केली तेव्हा
जेवणघर बंद होऊन तास झाला होता
आणि पोटाने मला सांगितलंही नव्हतं.

एप्रिलमध्ये रकाना भरला.
ब्रँडवोल्डनी टॉफी पुढे केली, बस, एवढंच.
बँड वगैरे वाजला नाही.
रसायनशास्त्रात सी आला,
तो अजून तसाच आहे, माझ्या नावापुढे.

आजोबांना सांगितलं तर म्हणाले,
"म्हणजे आता मासे मोजणार?"
"त्यांच्या कानातले खडे."
बराच वेळ फक्त रेडिओ ऐकू आला.
मग म्हणाले, "चाळीस वर्षं मासे साफ केले,
डोकी सरळ कुत्र्याला टाकत आलो."

आठ दिवसांनी पाकीट आलं.
काड्यापेटी, कापूस, कापसात दोन खडे,
एकाला अजून थोडं रक्त,
आणि वाणसामानाच्या बिलामागे
त्यांचं ते उभं, थरथरतं अक्षर :
किती वर्षांचा होता, ते कळव.