दशांशचिन्हापुढे

टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस, न्गोंग रोडला.
खाली हवेचा पंप दर दोन मिनिटांनी फुसकारतो
आणि वर आम्ही सहा जण
जग बदलतो, भाडं थकवून.

वेकेसा संस्थापक. म्हणजे त्याच्याकडे ब्लेझर आहे.
बाकीच्यांकडे कंपनीचे टी-शर्ट;
धुण्यात नाव आधी जातं, रंग मागाहून.
माझ्या करारात पगार बेताचा
आणि हिस्सा शून्य पूर्णांक चार टक्के.
आई विचारते, टक्के कशाचे?
जे अजून व्हायचंय त्याचे, मी सांगते.
मग भाजीवाल्यालाही त्यातलेच दे, म्हणते.

काम तसं साधं.
न्यान्दारुआच्या थंडीत पहाटे गाढवाच्या गाडीतून कॅन येतात,
काट्यावर चढतात,
आकडा फोनमध्ये शिरतो
आणि महिनाअखेर पैसे होऊन बाहेर पडतो.
मधला अंधार आमचा.
तो आम्ही लिहितो.

या आठवड्यात तक्रारींचा फोन माझ्याकडे.
बुधवारी संध्याकाळी, वीज नुकतीच आलेली, तेरेसिया वांगेची बोलल्या.
सोळा वर्षं शाळेत गणित शिकवून आता दोन गाई.
आठ महिने त्यांनी वहीत लिहिलं होतं:
काट्यावर सात पॉइंट आठ, फोनवर सात.
सहा पॉइंट नऊ, फोनवर सहा.
आवाज चढवला नाही.
म्हणाल्या, पोरी,
माझी गाय पूर्णांकात दूध देत नाही.

ती ओळ शोधायला चार मिनिटं लागली.
दशांशचिन्हापुढचं सगळं कापून टाकणारी, एवढीशी.
शेजारी तारीख. वेळ, रात्रीचे दोन चाळीस.
आणि लिहिणाऱ्याचं नाव: केरुबो.
म्हणजे मी.
वर टीप, माझ्याच भाषेत, माझ्याच आळसात:
आत्ता चालतंय. नंतर बघू.

आठवली ती रात्र.
सकाळी डेमो होता, जनरेटरमधलं डिझेल संपलेलं,
मुटिंडा मोबाइलचा उजेड धरून उभा,
हात बदलत, जांभया देत,
आणि चाललं तेव्हा आम्ही दोघं ओरडलो होतो
मुलगा झाल्यासारखे.

दोनशे बारा घरं. रोज दोन वेळा. आठ महिने.
थेंबे थेंबे तळे साचे, म्हणतात.
साचलं होतं की. डेअरीच्या खात्यात.
त्यांना वाटलं ॲपमुळे गळती थांबली,
त्यांनी आम्हाला शाबासकीचं पत्र धाडलं
आणि वेकेसाने त्याची हिरवी रेघ केली,
चढती, देखणी,
गुरुवारी दहा वाजता गुंतवणूकदारांना दाखवायची.

त्याला सांगितलं.
त्याने ब्लेझर काढून खुर्चीला घातला,
जणू आता मीटिंगला खुर्चीच जाणार.
मार्चपासून त्याने पगार घेतलेला नाही, हे मला माहीत आहे.
हे मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत आहे.
बऱ्याच वेळाने म्हणाला,
शुक्रवारी दुरुस्त केलं तर?

मुटिंडा किटलीकडे बघत राहिला.
पाणी केव्हाच उकळून गेलं होतं.

मी त्याला नाही म्हटलं नाही.
हो पण म्हटलं नाही.
खुर्ची ओढली आणि ती ओळ पुसली,
ती टीपही.
दुरुस्तीला अकरा मिनिटं.
मग उरलेली रात्र मागचं मोजण्यात,
एकेक घर, एकेक सकाळ,
कापलेले नऊ, कापलेले तीन, कापलेले आठ.
तीनच्या सुमारास वेकेसा शेजारी येऊन बसला
आणि काही न बोलता याद्या वाचून दाखवू लागला.
रेघेबद्दल मी विचारलं नाही.

पहाटे काटे सुरू झाले.
पहिला आकडा आला, सहा पॉइंट सात,
शेपटासकट.
एखाद्या आकड्याकडे इतका वेळ कुणी बघत नाही.

साडेसहाला वांगेचीबाईंचा फोन.
सात पॉइंट आठ आलेत, म्हणाल्या. बरोबर आहे.
मग वहीचं पान उलटल्याचा आवाज.
आणि मागचं?

मोजतेय, म्हटलं.
खाली पंप फुसकारला.
वेकेसा आरशाशिवाय टाय बांधत होता.