आजचा भाव

कुलाब्यात, बंद पडलेल्या बेकरीमागच्या गल्लीत,
काचेआड बसून मी पैसे बदलून देते.
सकाळी दहाला फळ्यावर भाव लिहायचा:
डॉलर, पौंड, दिरहम, सौदी रियाल.
खाली पूर्वी आणखी काही ओळी होत्या.
लेबनॉनची मीच पुसली.
पंधराशेचे नव्वद हजार होता होता
आकडा चौकटीत मावेना.
सुदानची शेठनी पुसायला लावली.
सीरियाची कुणी पुसली, आठवत नाही,
फडकं खडूनं पांढरं झालं होतं एवढं खरं.

आज दुपारी अब्दो मुकबिल आले,
यमनमधल्या इब्ब गावचे, भूगोलाचे मास्तर.
सोबत पारकरचाचा. मूळ म्हसळ्याचे,
तीस वर्षं कुवेतला क्रेन चालवली,
आता परळच्या हॉस्पिटलात
अरबी दुखणी डॉक्टरांना हिंदीत सांगतात.
मुलगी नऊ वर्षांची, अरवा.
हृदयाची झडप बदलायची, उद्यापर्यंत अनामत भरायची.

काचेखालून दोन गड्ड्या आत आल्या.
एक मळकी, कोपरे झिजलेली,
दुसरी कोरी, अजून शाईचा वास असलेली.
देश एकच. बँक एकच. दोन्हींवर एक हजार.

चाचा म्हणाले, मळकी सनाला चालते, कोरी एडनला.
सनाकडे कोरी सापडली की गेलीच समज.
मळकीचे तिथे पावणेदोन डॉलर.
घाट उतरून एडनला या, कोऱ्या हजारात
अर्धा डॉलर येईल, नाहीतर तोही नाही.
मध्ये किती नाकी?
चाचांनी विचारलं. मास्तर बोटांवर मोजू लागले,
दुसऱ्या हातावर आले, आणि थांबले.

पगार किती महिने नाही?
महिने नाही म्हणे. वर्षं.
तरी शाळेत जातात. नकाशा टांगतात.
पोरं विचारतात, सर, आपण कुठल्या रंगात?

आमच्या शाळेच्या पुस्तकात एडन होतं,
समुद्रापलीकडचा एक तुरुंग,
आपला एक माणूस तिथे झुरून गेला,
रिकाम्या जागा भरा, एक गुण.
तेवढंच माझं एडन.
मी ते बोलले नाही.

मग मास्तरच म्हणाले,
त्यांच्या आजीच्या गळ्यात मुंबईचा रुपया होता,
चांदीचा, पोवळ्यांत ओवलेला.
मागच्या वर्षी मोडला. दोन पोती पीठ आलं.
सोनारानं तागडीत टाकला आणि वजन सांगितलं,
कुठला, कुणाच्या राजवटीतला, काही विचारलं नाही.

मी म्हटलं, चाचा, आम्ही घेत नाही.
मळकी? नाही.
कोरी? तीही नाही.
हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय
की मान आधी हलते.

मास्तरांनी गड्ड्या उचलल्या, नीट जुळवल्या,
उलट्या झालेल्या नोटा सुलट केल्या,
आणि बंडीच्या आतून एक पुडकं काढलं.
जिद्दाच्या मेव्हण्याचे डॉलर. एकूण एकोणीसशे.
अठरा नोटा यंत्रातून गेल्या.
एकोणिसाव्या नोटेवर
मिरीएवढा निळा ठिपका.
डागी नोट घ्यायची नाही, भिंतीवर तीन भाषांत लिहिलंय.
मास्तरांनी वाचलं, तिसऱ्या भाषेत.
काही बोलले नाहीत.

शेठ चहाला गेले होते.
मी पर्स उघडली.
माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा निघाला,
आजच्या भावानं, कमिशन न कापता.
चांगुलपणा म्हणू नका.
बाहेर विकली जाते डागी नोट, थोडी कमी किमतीला,
मला ठाऊक आहे कुठे.

पण अजून विकली नाही.
घरी तांदळाच्या डब्यात आईच्या अकरा नोटा आहेत,
एका नोव्हेंबरात रात्री आठनंतर बाद झालेल्या.
बाबांपासून लपवलेल्या, म्हणून रांगेतही नेल्या नाहीत.
त्यांच्या खाली सारली.

झडप गुरुवारी बसवणार आहेत.
मळकी गड्डी, कोरी गड्डी घेऊन मास्तर
उन्हात उभे होते, चाचा टॅक्सीशी भांडत होते
मीटरवरून.